राहिलेला एक गुण

वर्ध्याला मी भांडायला गेले होते. लोक तिथं शांतता शोधायला जातात, चरखा बघायला जातात. मी बॅगेत तीन सलवार-कुडते, एक स्वेटर आणि अकरा मुद्द्यांची यादी घेऊन गेले. परत आल्यावर ज्यानं-त्यानं विचारलं, "काय गं, झालं का भांडण?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

भांडण कशाचं ते आधी सांगायला हवं. मी मूळची सांगलीकडची, नोकरीनं पुण्यात. शाळा-कॉलेजात कबड्डी खेळले आणि पोटापाण्याला संगणक धरला. या दोन्हींची खिचडी करून आठ वर्षांपूर्वी मी कबड्डीचे गुण मोजायचं एक अ‍ॅप लिहिलं. नाव ठेवलं 'दम'. टेबलाशी एक माणूस मोबाइल घेऊन बसतो, बटण दाबतो, मैदानाकडेच्या पडद्यावर गुण दिसतात. अ‍ॅप फुकट, आणि मुक्त स्रोत. म्हणजे त्याच्या आतला सगळा कोड सगळ्यांना उघडा. कुणीही वाचावा, सुधारणा करून मला पाठवावी, मी तपासून मंजूर करायची. आणि माझ्याशी पटलंच नाही तर अख्ख्याची नक्कल काढून आपल्या नावानं वेगळं चालवावं. त्याला फोर्क म्हणतात. भाऊ वेगळे निघतात तसंच, फक्त इथं वाटणी होत नाही, दोघांनाही अख्खं घर मिळतं. त्यामुळे भांडण कमी होईल असं वाटतं ना? उलट जास्त होतं.

माझ्या घरातून वेगळी निघाली ती वैशाली. वर्ध्याजवळ नालवाडीत तिचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. तीन वर्षांपूर्वी तिनं मला एक बदल पाठवला. एका माणसाऐवजी दोघांनी गुण मोजायचे, दोन्ही संघांचा एकेक, आणि प्रत्येकानं मोजायचे ते समोरच्या संघाचे. म्हणजे माझ्या संघाचे गुण माझा विरोधक लिहिणार! वाचून माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांना दिसेल असं उत्तर ठोकून दिलं: 'असा बदल सुचवणाऱ्यानं कबड्डी कधी पाहिली आहे का?'

पंधरा दिवसांनी तिचा फोर्क आला. नाव 'दुहेरी'. उघडल्याबरोबर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात माझंच वाक्य: 'कबड्डी कधी पाहिली आहे का?' अंगाचा तिळपापड झाला नुसता!

त्यानंतर दुहेरी वाढत गेलं आणि दम आटत गेलं. गेल्या हंगामात तर माझ्या सांगलीकडच्या मंडळांनीसुद्धा दुहेरी घेतलं. शेवटी दमवर माझ्याबरोबर काम करणाऱ्या चौघांनी मला निर्वाणीचं कळवलं. ताई, दोन चुली पुरे झाल्या. रविवार संध्याकाळपर्यंत ठरवा. दोन्ही एकत्र करा, नाहीतर आम्ही चौघंही दुहेरीत जातो. ते गेले की दम संपलं, मला एकटीला झेपणारं ते नव्हतं. आठ वर्षं नोकरी सांभाळून, सुट्ट्या घालवून वाढवलेलं माझं लेकरूच म्हणा ना.

त्याच आठवड्यात वैशालीची दोन ओळींची मेल आली. 'ताई, माझ्या सासरी, आंजीला, कबड्डी आहे. येऊन पाहा, मग काय बोलायचं ते बोला.' म्हटलं, येतेच! तुमच्या मैदानावर उभी राहून तुमची लबाडी पकडते, तिचा व्हिडिओ काढते आणि चौघांपुढे ठेवते. तिकीट काढलं.

शुक्रवार, नालवाडी

जानेवारीतली सकाळ. वर्धा स्टेशनबाहेर आले तेव्हा थंडीनं कान गारठले होते. ऑटोवाला हिंदीत बोलत होता, मी मराठीत. नालवाडीपर्यंत दोघांनीही आपापली भाषा सोडली नाही आणि कुणाचं काही अडलंही नाही. आमच्याकडं असं कुणी हिंदीत सुरू झालं तर आपण लगेच हिंदी फाडायला लागतो. इकडं तसली घाई कुणाला दिसली नाही. वाटेत कापसानं फुगलेल्या गाड्या बाजाराकडं निघाल्या होत्या, कापसाचे पुंजके रस्त्याच्या कडेला उडत होते.

वैशालीची माझ्या डोक्यात एक मूर्ती तयार होती. चुरचुरीत, आगाऊ, खांद्यावर केस मोकळे सोडलेली. दुकानात बघते तर नवऱ्याचा ढगळ स्वेटर घातलेली, सहा महिन्यांची गरोदर बाई मशीनमधून अडकलेला कागद ओढून काढत होती. बाजूला लॅपटॉप उघडा आणि त्यावर दुहेरीचा कोड. मला बघितल्यावर ती हसली आणि चटकन खुर्ची पुढं केली.

"या ताई, बसा. तुमी रागात हाय हे मले माहीत हाय. पयले पोहे खा, मंग भांडू."

"मला भूक नाही," मी म्हटलं.

"असं काऊन म्हणता? रिकाम्या पोटी राग चांगला येत नाई जी."

तिनं शेजारच्या टपरीवरून पोहे मागवले. पोहे म्हणजे आपले पोहे, असं मी समजले. त्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतलेली होती. पहिल्याच घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. गिऱ्हाईक म्हणून उभ्या असलेल्या एका आजीबाईंना वाटलं मी रडतेय. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "होते बाई सारं बरोबर. नोको रडू." मला पाणी देण्याऐवजी वैशाली पोट धरून हसत होती. भांडणाची अशी सुरुवात मी ठरवली नव्हती.

तरी मी यादी काढलीच. पण झेरॉक्सच्या दुकानात भांडण करणं किती अवघड असतं ते बसल्याशिवाय कळायचं नाही. पहिला मुद्दा मांडला, विरोधकाच्या हाती गुण म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या, तोवर सातबारा आला. दुसरा मांडला तेव्हा कुणाची तरी गुणपत्रिका. चौथा मुद्दा तर आधार कार्डाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या मध्येच अडकला. वैशाली मान डोलावून ऐकायची, उठायची, कागद काढून द्यायची, परत यायची आणि म्हणायची, "हं ताई, चोराचं बोलत होत्या तुमी." मी चिडून यादीच तिच्या हातात दिली. तिनं ती शांतपणे मशीनवर ठेवली, एक प्रत काढली आणि मूळ कागद मला परत दिला.

"एक कॉपी मायाजवळ राहू द्या. उद्या मैदानावर एकएक मुद्दा पाहून घेऊ."

मी म्हटलं, "मला सगळ्यात आधी एक सांग. माझं वाक्य तू दारातच का टांगलंस?"

तिचं हसू जरा कमी झालं. "मले लागलं होतं ताई. माया सासऱ्यानं अर्धं आयुष्य कबड्डीत घालवलं. हे मोजणं त्यायचंच. म्या निस्तं कोडमधी लिवलं. अन् तुमी विचारलं, कबड्डी पाहिली काय म्हणून." मग पुन्हा मशीनकडं वळून ती म्हणाली, "म्हटलं, राहू द्या समोर. कामाचा जोर येते."

मी यादीची घडी घालून बॅगेत ठेवली. खरं सांगायचं तर माझं चुकलं होतं, पण ते तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नाही.

शनिवार, आंजी

आंजी (मोठी) वर्ध्यापासून एसटीनं थोड्याच वेळात येतं. दोन्ही बाजूंना कापूस, मधेच तुरीचे उंच पट्टे, आणि ऊन इतकं कोवळं की खिडकीपाशी बसून डोळे मिटावेसे वाटत होते. वैशालीचे सासरे किसनकाका थांब्यावरच उभे होते. उंच, वाळके, डोक्याला पांढरा दुपट्टा. शेती बघतात आणि गावचं कबड्डी मंडळ चालवतात. त्यांना सगळं माहीत असणार, अगदी माझ्या वाक्यासकट. पण त्यांनी माझी बॅग घेतली आणि एवढंच म्हणाले, "आले काय बाई? चाला, पयले पंगतीत बसा."

पंगतीत वांग्याची भाजी, तीत तुरीचे ओले दाणे. दाण्यांना सोले म्हणतात. शिवाय सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी. कोथिंबिरीला इकडं सांबार म्हणतात, एवढं लक्षात ठेवलं की बाजारात फजिती होत नाही. वाढणारे हात थांबेनात. आमच्याकडं 'पुरे' म्हटलं की थोडं वाढतात, इकडं 'पुरे' म्हटलं की दुप्पट.

मैदान शाळेमागं होतं. माती चाळून, पाणी मारून, चुन्यानं रेषा आखलेल्या. आमच्याकडं आता सगळीकडं मॅट, झगझगीत दिवे, आणि गुण लिहिणाऱ्याच्या टेबलावर पांढरी चादर. इथं टेबल नव्हतं. मध्यरेषेच्या टोकाला एक बाज टाकली होती, आपली सुतळीनं विणलेली खाट, आणि त्या बाजेवर दोन्ही संघांचे दोन मोजणारे मांडीला मांडी लावून बसत होते. बाज मधे खचलेली असते, त्यामुळे दोघं घसरत घसरत एकमेकांना टेकतात. भांडायचं म्हटलं तरी लांब सरकता येत नाही.

किसनकाकांनी मला नियम समजावले. "आपले गुण आपण मोजाचे नाई. तुमचे तो मोजन, त्याचे तुमी. पंचानं दिला तो तर द्यायचाच. अन् पंचाच्या नजरेतून सुटला अन् तुमाले दिसला, तरी द्यायचा."

"आणि आपला गुण सुटला तर? मागायचा कुणाकडं?"

"मांगायचा नाई. आपल्या बाजूनं बोलाचंच नाई. आपल्या इरोधात जे दिसलं ते बोलाचं."

"काका, हे रामराज्य झालं. माणूस लबाडी करणारच."

"करन ना, काऊन नाई करणार?" ते सहज म्हणाले. "पण आपले गुण आपण मोजले तर लबाडी झाकते. म्हणता येते, मले तसंच दिसलं. दुसऱ्याचा गुण खाल्ला तं साऱ्या गावाले दिसते. बाजेवर बसून कोण तोंड काळं करून घेईन?"

मी यादीतला तिसरा मुद्दा काढणार होते, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातात मोबाइल दिला. "बसा. आंजीकडून तुमीच बसा. सामना नालवाडीशी हाय."

मी बसले. माझ्याशेजारी नालवाडीचे मोजणारे, एक निवृत्त पोस्टमन. गोरेगोमटे, पानानं तोंड रंगलेलं. सामना सुरू झाला आणि सुरू झाला तो काय विचारता! आंजीचा पहिलाच गडी असा सुटला की दोघांना बाद करून बेडकासारखा उडी मारत परतला. मी आरोळी ठोकली आणि दोन गुण दाबले. पुढच्या फेरीत पकड, आणखी एक गुण, मी दाबला. अंगात जुनं रक्त सळसळत होतं. तिसऱ्या वेळी बटण दाबलं आणि लक्षात आलं, मैदान शांत झालंय. सगळे पडद्याकडं बघत होते. पडद्यावर आंजी चार गुण आणि नालवाडीही चार. नालवाडीनं तर अजून एकही गुण घेतला नव्हता!

आठ वर्षांची सवय. आपल्या संघानं गुण घेतला की बटण दाबायचं. पण माझ्या हातातला मोबाइल नालवाडीचे गुण मोजणारा होता. पोस्टमनकाका आंजीचे गुण गुपचूप बरोबर देत होते आणि मी तेच गुण दुसऱ्यांदा, आमच्याच विरोधकांच्या खात्यात उदारपणे ओतत होते. पुण्याहून आलेली, अ‍ॅप लिहिणारी तज्ज्ञ बाई! सगळं मैदान खो-खो हसायला लागलं. लांब सावलीत बसलेली वैशाली तोंडावर ओढणी धरून हादरत होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी घाईघाईनं गुण मागं घ्यायचं बटण शोधायला लागले. माझ्या दममध्ये ते ठळक लाल आहे. दुहेरीत नव्हतंच.

"मागं कसं घ्यायचं?" मी किसनकाकांना विचारलं.

"तुमी दिले न? मंग ते नालवाडीचे झाले. तुमाले परत घेता येत नाई. त्यायनं परत केले तं केले."

म्हणजे चार गुण समोरच्याच्या मर्जीवर. अकरा मुद्द्यांपैकी सातवा मुद्दा नेमका हाच होता, आणि आता तो माझ्याच मांडीवर येऊन बसला होता. यजमान संघ माझ्या एका मूर्खपणापायी हरणार. मी पोस्टमनकाकांकडं बघितलं. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं, आपल्या मोबाइलवर 'परत' असं लिहिलेलं बटण दाबलं, एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. पडद्यावर नालवाडी शून्यावर आली. त्यांच्या संघाकडून कुणी हुं की चूं केलं नाही.

"होते असं पयल्या पयल्यानं," ते म्हणाले. "मायाकडूनबी झालतं."

पुढचा सगळा सामना मी नालवाडीचे गुण मोजले. एक गंमत सांगते. विरोधकाचे गुण मोजायला बसलं की डोळे विरोधकाकडं लागतात. त्यांचा तो सडपातळ डावा चढाईवाला किती सुंदर खेळत होता! एरवी मी त्याला बघितलंच नसतं, त्याच्या नावानं बोटं मोडत बसले असते. दुसऱ्या डावात त्याच्या बोटाचं टोक आमच्या गड्याच्या बाहीला लागलं, पंचाला दिसलं नाही, मला दिसलं. माझं बोट क्षणभर थांबलं. मग मी गुण दिला. आंजीच्या पोरांनी माझ्याकडं बघितलं आणि बाद झालेला गडी मुकाट्यानं बाहेर गेला. आंजीनं सामना जिंकला, पण मला सगळ्यात बरं वाटलं ते तो गुण देताना, आणि त्याचं मला नवल वाटलं.

ऊन उतरताना शेतात हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या धगीवर कोवळी ज्वारीची कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, बरोबर गूळ आणि तिखट चटणी. तिथं किसनकाकांनी विचारलं, "बाई, तुमाले दुसऱ्याचा एवढा भरोसा काऊन नाई?"

आणि मी कधी कुणाला नीट न सांगितलेली गोष्ट सांगितली. सतरा वर्षांची होते. जिल्ह्याचा अंतिम सामना, दुसऱ्यांच्या गावात. शेवटच्या मिनिटाला मी बोनस घेतला. समोर सहा-सात जणी उभ्या असताना आतली रेषा एका पायानं ओलांडायची आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा, तेव्हा तो गुण मिळतो. मी घेतला होता, पंचानं अंगठासुद्धा वर केला होता. पण पांढऱ्या चादरीच्या टेबलाशी बसलेल्या माणसानं तो लिहिलाच नाही. तो त्यांच्या गावचा होता. आम्ही ओरडलो, रडलो. कागदावर नाही म्हणजे नाही. आम्ही एका गुणानं हरलो. त्यानंतर मी ठरवलं, मोजणारा एकच असावा आणि तो कुणाचाच नसावा. दम मी त्यासाठी लिहिलं.

वैशाली खाली बघत ज्वारी चोळत होती. म्हणाली, "म्हणजे ताई, तुमी मायावर नव्हत्या चिडल्या."

"तुझ्यावरही चिडले होते," मी म्हटलं. सगळे हसले.

किसनकाका म्हणाले, "तो माणूस एकटाच बसला होता न टेबलावर? आमच्या बाजेवर बसला असता तं त्याच्या बाजूले तुमच्या गावचा असता. मंग त्यानं खाल्ला नसता."

पस्तीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

रविवार, आंजी

रविवारी सकाळी इथला खास सामना असतो, लेकी विरुद्ध सुना. या दिवसांत माहेरी आलेल्या गावच्या लेकी एका बाजूला, गावात नांदणाऱ्या सुना दुसऱ्या बाजूला. वयाची अट नाही. आमच्याकडं बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात, इथं मैदानावर उतरवतात आणि नवरे कडेला बसून पोरं सांभाळतात. मला हे फारच आवडलं.

लेकींत एक जण कमी पडली. किसनकाकांची लेक शोभा सरळ माझ्याकडं आली. "मावशी, उतरता काय?"

"अगं, बावन्न वर्षांची आहे मी!"

"तं काय झालं? आमची मधली आत्या साठीची हाय, ते पाहा वारमप करून राह्यली."

"पण मी कुठं इथली लेक?"

"हुरडा खाल्ला न? मंग झाल्या लेक," शोभा म्हणाली आणि तिच्या पोराची ट्रॅकपँट माझ्या हातात कोंबली.

बाजेवर सुनांच्या बाजूनं मोजायला वैशाली बसली. पोटामुळे तिला खेळता येत नव्हतं. म्हणजे आम्हा लेकींचे गुण तिच्या हातात. ओढणी कमरेला बांधून मी मैदानात पाय ठेवला आणि मातीचा तो थंड, ओला स्पर्श झाला.

खेळ कसा झाला म्हणून सांगू! सुना म्हणजे रोज शेतात राबणाऱ्या बायका, मनगटं लोखंडाची. त्यांनी मला पहिल्याच चढाईत उचलून आपटलं. गुडघा सोलला. दुसऱ्यांदा बाद झाले. तिसऱ्यांदा रिकामी परतले. बाहेरून कुणी तरी ओरडलं, "पुण्याच्या बाईले चहा पाजा रे!" माझा पारा चढला. साठीच्या आत्याबाई मात्र सुनांना अशा काही चिडवत होत्या की निम्मे गुण आम्हाला त्यांच्या जिभेनंच मिळाले. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा गुण बरोबरीत होते. समोर सहा सुना. चढाई माझी.

कबड्डी, कबड्डी म्हणत आत शिरले. उजवीकडं झुकले, त्या सगळ्या उजवीकडं सरकल्या. आणि पायाला आठवलं. मला नाही, पायाला आठवलं. डावा पाय आतल्या रेषेपलीकडं टेकला, मागचा हवेत उचलला, अर्ध्या क्षणाचं काम. फिरले, कुणाचा तरी हात कुडत्याला लागून निसटला आणि मी मध्यरेषेवर पालथी पडले. धापा टाकत मान वर केली. पंच निर्विकार. त्याच्या आणि माझ्यामध्ये सुनांची कोपऱ्यातली धिप्पाड खेळाडू आली होती. त्याला काहीच दिसलं नव्हतं.

तीच गोष्ट. पुन्हा तीच! माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, 'बोनस! बोनस घेतलाय मी!' पण आपल्या बाजूनं बोलायचं नाही. मी ओठ दाबून मातीतच बसून राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते धुळीचं नव्हतं.

आणि मग मैदानात एकदम आरडाओरडा झाला. आत्याबाई उड्या मारत होत्या. मी पडद्याकडं बघितलं. लेकींचा एक गुण वाढला होता. बाजेवर वैशाली एक हात पोटावर आणि दुसरा हात उंच करून उभी होती, अंगठा वर. तिच्याच संघातल्या सुना तिच्याकडं वळून ओरडत होत्या, "अवो, कायले दिला?"

"घेतला त्यायनं!" वैशाली तेवढ्याच जोरात ओरडली. "मागचा पाय वर होता. म्या पाह्यला!"

सुनांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि त्या आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. उरलेली दीड मिनिटं आम्ही जीव मुठीत धरून काढली. शिट्टी वाजली. आम्ही एका गुणानं जिंकलो. एका गुणानं! आत्याबाईंनी मला मिठी मारली, शोभानं गुलाल उधळला, बावन्न वर्षांची मी मातीत लोळत लहान पोरीसारखी ओरडत होते आणि मला कशाचीही लाज वाटत नव्हती.

लंगडत लंगडत बाजेकडं गेले आणि वैशालीशेजारी बसले. बाज खचली, आम्ही दोघी एकमेकींना टेकलो.

"ताई, तुमची यादी," ती म्हणाली आणि झेरॉक्सची प्रत पुढं केली.

"चुलीत घाल," मी म्हटलं. आणि तिचा हात धरून म्हणाले, "चुकले मी. ते वाक्य लिहायला नको होतं. तुझंही मन दुखावलं आणि काकांचंही."

तिनं माझ्या गुडघ्यावर हळद लावली, आणि ती भयंकर झोंबली.

संध्याकाळ व्हायच्या आत त्याच बाजेवर बसून आम्ही ठरवलं. दम आणि दुहेरी एकच. मोजण्याची पद्धत दुहेरीची, पडद्याचं आणि आकडेवारीचं सगळं काम दमचं, कारण ते माझं खरंच चांगलं आहे आणि हे वैशालीनंच सांगितलं. नाव 'दमदुहेरी'. आणि कोडसाठी नियम एकच, किसनकाकांचा. आपला बदल आपण मंजूर करायचा नाही. माझा ती करणार, तिचा मी. मी चौघांना कळवलं, 'एकत्र झालो.' चौघांचीही उत्तरं लगेच आली. एकानं नुसतंच विचारलं होतं, ताई, तब्येत बरी आहे ना?

निघताना किसनकाकांनी गूळ घातलेल्या भाकऱ्या बांधून दिल्या. "येजा बाई," ते म्हणाले. "माहेर हाय आता."

पुण्यात परतल्यावर पहिलं काम मी केलं ते पहिल्या पानावरचं माझं वाक्य काढून टाकायचं. बदल केला आणि मंजुरीसाठी वैशालीला पाठवला. तासाभरात तो नामंजूर होऊन परत आला. खाली तिनं लिहिलं होतं, 'ताई, राहू द्या ते. त्याच्याखाली म्या एक ओळ टाकली हाय. तुमी पाहून मंजूर करा.'

मी उघडून बघितलं. वर माझा तीन वर्षांपूर्वीचा प्रश्न तसाच होता. कबड्डी कधी पाहिली आहे का? त्याच्याखाली तिची ओळ होती: 'हो. दोघींनी, एका बाजेवरून.'

मी मंजूर केलं.